'इल्लातीवि' हा शब्द मुळापर्यंत कसा न्यायचा: फिनिश व्याकरणसंज्ञेची व्युत्पत्ती, पायरी पायरीने

फिनिश शिकणाऱ्या मराठी माणसाला संस्कृत थोडंफार येत असेल तर एक मोह हमखास होतो. व्याकरणाच्या पुस्तकात 'इल्लातीवि' हे एका विभक्तीचं नाव दिसतं, त्यात 'लात' ऐकू येतं, 'लात' म्हणजे लॅटिनमध्ये 'वाहून नेलेलं' असं कुठेतरी वाचलेलं असतं आणि पाच मिनिटांत निष्कर्ष तयार होतो: 'हे तर आपलं लादणं!' उत्तर चुकलेलं असतं. खरं उत्तर याहून कितीतरी मजेदार आहे, पण तिथे पोचायला क्रम पाळावा लागतो. क्रम मोडला की प्रत्येक पायरीवर एक खोटा जुळा भाऊ उभा असतो.

म्हणून एकच शब्द घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ. पद्धत हातात बसली की बाकीच्या संज्ञा त्याच साच्यात निघतात.

लिप्यंतराबद्दल आधीच सांगतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आपण दीर्घ लिहितो. इथे फिनिश शब्दांपुरता तो नियम बाजूला ठेवला आहे, कारण फिनिशमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने विभक्ती बदलते. 'इल्लातीवि' हे शब्दाचं मूळ रूप, आणि 'इल्लातीवीन' हे त्याच शब्दाचं इल्लातीवि विभक्तीतलं रूप. फिनिशमधला ऱ्हस्व 'अ' आपल्या 'आ'सारखा मोकळा ऐकू येतो, म्हणून तो 'आ' लिहिला आहे. कोशात शोधताना रोमन अक्षरं अशी टाका: आय, एल, एल, ए, टी, आय, आय, व्ही, आय. तो दुहेरी आय विसरलात तर शब्द सापडणार नाही.

## तयारी: शोधताय काय, ते आधी ठरवा

निम्म्या चुका इथेच होतात. 'इल्लातीविचं मूळ काय?' या प्रश्नात तीन प्रश्न लपलेले असतात:

१. 'इल्लातीवि' ही संज्ञा कुठून आली?
२. त्या विभक्तीचा प्रत्यय कुठून आला?
३. त्या विभक्तीचं काम काय?

संज्ञा लॅटिन आहे. प्रत्यय फिनिशचा स्वतःचा, म्हणजे उरल भाषाकुलातला. एस्टोनियन आणि सामी फिनिशच्या जवळच्या नात्यातल्या, हंगेरियन दूरची. संज्ञा लॅटिन आहे म्हणून फिनिश भाषा लॅटिनमधून आली असं म्हणणं म्हणजे डॉक्टरने आजाराला ग्रीक नाव दिलं म्हणून रोगी ग्रीक ठरवणं. हसू नका, हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत निदान दहादा वाचलं आहे.

या लेखात फक्त पहिल्या प्रश्नाचं काम करायचं आहे. तिसरा प्रश्न पहिल्या पायरीवर लागेल, तेवढाच.

सामान फार नको. फिनिश अर्थासाठी कोतुस या फिनलंडच्या भाषासंस्थेचा मोफत ऑनलाइन कोश. लॅटिनसाठी असा कोश, ज्यात स्वरांचं ऱ्हस्व-दीर्घ चिन्हांनी दाखवलेलं असेल. लॅटिनच्या मागे जायला मिखिएल द व्हान यांचा २००८ सालचा लॅटिन व्युत्पत्तिकोश. आपल्या बाजूला टर्नर यांचा १९६६चा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश आणि कृ. पां. कुलकर्णींचा १९४६चा मराठी व्युत्पत्तिकोश. शिवाय एक वही.

वहीच्या पानावर पाच आडव्या ओळी आखा. वरून खाली: फिनिश, मधली भाषा, लॅटिन, आद्य भारोपीय (लॅटिन, ग्रीक, संस्कृत यांची समान पूर्वज भाषा), संस्कृत-मराठी. एका ओळीतली नोंद पक्की झाल्याशिवाय खालच्या ओळीला हात लावायचा नाही. फिनिशवरून थेट मराठीवर उडी मारायची नाही, हाच या कामातला सगळ्यात मोठा नियम.

## पायरी १: विभक्तीचं काम एका उदाहरणात पाहा

व्याख्या पाठ करू नका. एक गाव घ्या:

हेलसिंगिस्सॅ: हेलसिंकीत (असणे)
हेलसिंगिस्तॅ: हेलसिंकीतून (निघणे)
हेलसिंकीन: हेलसिंकीत (जाणे)

तिसरं रूप इल्लातीवि. 'आत जाणं' दाखवणारी विभक्ती.

मराठीत पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचं भाषांतर एकच आलं, हे लक्षात आलं का? 'तो घरात आहे' आणि 'तो घरात गेला', दोन्हीकडे 'घरात'. आपल्याकडे असणं आणि जाणं यांतला फरक क्रियापद सांभाळतं. फिनिशमध्ये तो नामालाच चिकटतो. म्हणून शाळेतल्या 'त, ई, आ' या सप्तमीच्या प्रत्ययांवर इल्लातीवि बसवायला गेलात तर ती इनेस्सीवित, म्हणजे पहिल्या ओळीत, मिसळून जाते. चतुर्थीवर बसवलीत तर 'ला'चा गोंधळ. इल्लातीविला मराठी विभक्तीचं नाव देऊच नका. 'आत-गमन' एवढं वहीत लिहा आणि पुढे चला.

पडताळा: तुमच्या नोंदीत 'आत' आणि 'हालचाल' या दोन्ही गोष्टी आल्या आहेत का? शब्दाचे तुकडे करताना या दोन्ही सापडायला हव्यात. एकच सापडली तर तुकडे चुकले.

## पायरी २: फिनिश अंगरखा उतरवा

'इल्लातीवि'च्या शेवटचा 'इ' लॅटिनमधून आलेला नाही. व्यंजनात संपणारा परका शब्द फिनिशमध्ये आला की त्याला शेवटी 'इ' लागतो: स्वीडिश 'बांक'चं 'पांक्कि', 'ग्लास'चं 'लासि'. तो 'इ' काढला की राहतं 'इल्लातीव', आणि स्वीडिशमध्ये ही संज्ञा अशीच आहे. त्यापलीकडे लॅटिन 'इल्लातीवुस', ज्यातला '-उस' हा पुल्लिंगी प्रथमेचा प्रत्यय.

फिनलंडात विद्वानांचं लेखन दीर्घकाळ लॅटिन आणि स्वीडिशमध्ये चाले. एस्किल पेत्रेउस यांचं तुर्कूला १६४९ साली छापलेलं फिनिश व्याकरण लॅटिनमध्येच आहे. त्यामुळे संज्ञा लॅटिन असणं यात आश्चर्य काहीच नाही, आणि इतिहास इथे इतकाच पुरे.

सावधान, पहिला खोटा भाऊ: फिनिशमध्ये याच विभक्तीला देशी नावही आहे, 'सिसॅतुलेन्तो'. 'सिसॅ' म्हणजे आत, आणि 'तुलेन्तो' हे 'तुल्ला' म्हणजे 'येणे' या क्रियापदावरून. पुढे चौथ्या पायरीवर लॅटिनमध्ये 'तुली' नावाचं रूप भेटणार आहे आणि सहाव्या पायरीवर संस्कृत 'तुला'. तिन्हीत 'तुल' आहे, अर्थही हालचालीशी थोडाफार जुळतो, आणि तरीही फिनिश 'तुल्ला'चा बाकी दोघांशी संबंध जोडायचा नाही. ते उरल कुळातलं जुनं क्रियापद आहे. देशी नाव वहीत वेगळ्या चौकटीत लिहा आणि चौकटीवर फुली मारून ठेवा.

## पायरी ३: लॅटिन शब्दाचे तुकडे

'इल्लातीवुस' = इल् + लात् + ईव् + उस.

तुकडे शेवटाकडून सोडवा. सुरुवातीकडून सोडवायला गेलं की माणूस 'इल्' पाशीच कल्पनाविलास सुरू करतो.

'-उस' झाला. '-ईव्-' हा विशेषण करणारा प्रत्यय. तो बहुधा क्रियापदाच्या भूतकालवाचक विशेषणाला लागतो: 'काप्तुस' म्हणजे पकडलेला, त्यावरून 'काप्तीवुस' म्हणजे बंदिवान. इंग्रजीतले ॲक्टिव्ह, पॅसिव्ह, निगेटिव्ह यांतला 'इव्ह' तोच. याला लॅटिनच्या मागे नेऊ नका. आपल्या कामाला तिथे काही मिळणार नाही.

'लात्-' म्हणजे 'लातुस', 'वाहून नेलेला'. इथे थांबा, कारण लॅटिनमध्ये तीन शब्द एकमेकांच्या वेषात फिरतात:

'लातुस', आ दीर्घ: वाहून नेलेला. हाच आपला.
'लातुस', आ दीर्घ: रुंद. याचं जुनं रूप 'स्त्लातुस'. लॅटिट्यूड यातून आलं.
'लतुस', अ ऱ्हस्व: बाजू, कूस. लॅटरल यातून आलं.

साध्या रोमन लिपीत तिन्ही सारखेच दिसतात. देवनागरीत निदान तिसरा लगेच वेगळा पडतो, हा आपला फायदा. कोशात तीनही नोंदी उघडा, अर्थ वाचा आणि मगच एक निवडा. 'डायलेट' हा शब्द 'रुंद'वाल्या कुटुंबातला, तर 'ट्रान्सलेट', 'रिलेट' आणि 'लेजिस्लेटर' आपल्या कुटुंबातले. लेजिस्लेटर म्हणजे शब्दशः कायदा वाहून आणणारा. विधानसभेचं कामकाज बघताना ही व्युत्पत्ती आठवली की करमणूक होते.

आता 'इल्'. मूळ उपसर्ग 'इन्'; पुढे 'ल' आल्यामुळे 'न'चा 'ल' झाला. संस्कृतमध्ये 'उत् + लेख'चा 'उल्लेख' होतो, तसंच.

सावधान, दुसरा खोटा भाऊ: लॅटिनमध्ये 'इन्' दोन आहेत. एक 'आत', दुसरा 'नाही'. 'इल्लीगल'मधला 'इल्' नकाराचा आहे आणि तो संस्कृत 'अ-, अन्-' चा नातेवाईक. 'इल्लातीवि'तला 'आत'चा. कोणता, हे ठरवायला पहिल्या पायरीची नोंद बघा: तिथे 'आत' लिहिलं आहे, 'नाही' नव्हे.

पडताळा: 'आत' (इन्) सापडलं, 'हालचाल' (लात्) सापडली. तुकडे बरोबर आहेत.

## पायरी ४: धातू शोधा, आणि इथे घाई करू नका

'लातुस' कोणत्या क्रियापदाचं रूप? कोश सांगतो: 'फेर्रे', वाहणे, नेणे, आणणे. मुख्य रूपं अशी: फेरो, फेर्रे, तुली, लातुम.

माझ्या वहीतलं एक पान अजून आहे, लाल शाईने आडवं खोडलेलं. मी पुढची पायरी अशी लिहिली होती: फेर्रे, म्हणजे भारोपीय '*भेर्-', म्हणजे संस्कृत 'भरति', म्हणजे मराठी 'भार'. म्हणून इल्लातीवितला 'लात' = 'भार'. प्रत्येक जोड पुस्तकात सापडते. फेर्रे आणि भरति खरोखरच सख्खे आहेत. तरी निष्कर्ष साफ चूक, कारण 'लात'मध्ये 'भ'चा, 'फ'चा किंवा 'र'चा मागमूस नाही. 'फेर्'चं 'लात्' कुठल्याही ध्वनिनियमाने होत नाही.

झालंय असं की 'फेर्रे' हे क्रियापद दोन वेगळ्या धातूंच्या तुकड्यांनी शिवलेलं आहे. वर्तमानकाळ एका धातूचा, भूतकाळ आणि भूतकालवाचक विशेषण दुसऱ्याचं. आपल्याकडे 'जातो' आणि 'गेला' असंच जगतात: 'जातो' संस्कृत 'या' धातूचा, 'गेला' 'गम्'चा. 'गेला'ची व्युत्पत्ती शोधणाऱ्याने कोशात 'जाणे' उघडून 'या' धातू लिहून टाकला तर जे होईल, तेच मी केलं होतं.

म्हणून नियम असा: कोशात क्रियापदाची नोंद सापडली की त्याच्या सगळ्या मुख्य रूपांत मुळाची व्यंजनं टिकली आहेत का ते बघा. टिकली नसतील तर तुमच्या हातात जे रूप आहे त्याची व्युत्पत्ती स्वतंत्र शोधा, क्रियापदाची नव्हे.

तसं शोधलं की 'लातुस' आणि 'तुली' एका घरात सापडतात. 'तुली'चं जुन्या लॅटिनमधलं रूप 'तेतुली' होतं. 'लातुस'चं जुनं रूप 'त्लातुस' धरतात. शब्दारंभीच्या 'त्ल'मधला 'त' लॅटिनने टाकला. 'त्ल' म्हटलं की 'तुल' जवळ आलंच.

## पायरी ५: आद्य भारोपीयपर्यंत

इथे लिहिलेलं प्रत्येक रूप पुनर्रचित असतं, कुठल्याही शिलालेखात सापडलेलं नव्हे. म्हणून त्याआधी तारा काढतात. वहीत तारा विसरू नका. तारा गेला की महिनाभराने तुम्हालाच ते रूप खरं वाटू लागतं.

धातू: *तेल्ह२-, अर्थ उचलणे, पेलणे, सोसणे. शेवटचा 'ह२' हा घशातल्या एका लुप्त व्यंजनासाठीचा संकेत आहे. अशी तीन व्यंजनं धरतात, म्हणून त्यांना क्रमांक.

भूतकालवाचक विशेषण करताना धातूतला 'ए' गळतो आणि '-तो-' प्रत्यय लागतो. आपल्या 'गत', 'कृत'मधला 'त' हाच. 'ए' गेल्यावर उरतं त् + ल् + ह२, आणि अक्षर उच्चारायला स्वर तर हवा, म्हणून 'ल्' स्वतःच स्वर होतो: *तॢह२तोस्.

तो 'ॢ' ओळखीचा वाटतोय? वर्णमालेत पाठ केलेला आणि आयुष्यात फक्त 'कॢप्ती' लिहिताना वापरलेला 'ऌ'. इतर देशांतल्या विद्यार्थ्यांना हा स्वर समजावून सांगावा लागतो; आपल्याकडे त्याच्यासाठी अक्षर आधीच छापखान्यात पडून आहे.

लॅटिनमध्ये 'ॢ + ह' या जोडीचा नियमाने 'ला' होतो. म्हणून *तॢह२तोस् → त्लातुस → लातुस.

पडताळा: एका शब्दावर ध्वनिनियम उभा करायचा नाही, दुसरा साक्षीदार हवा. लोकरीचा शब्द घ्या. लॅटिन 'लाना', संस्कृत 'ऊर्णा'. त्याच्याही पुनर्रचित रूपात 'ॢ + ह' आहे, लॅटिनमध्ये तिथे 'ला' आणि संस्कृतमध्ये 'ऊर्' मिळतो. साक्षीदार भेटला, नियम उभा राहिला.

उपसर्गाचंही उरकून घ्या: 'इन्' = *ह१एन्, आत.

## पायरी ६: पुन्हा खाली उतरा, संस्कृत आणि मराठीकडे

वर चढताना जितकी शिस्त, तितकीच उतरताना हवी. *तेल्ह२- पासून संस्कृतमध्ये 'तुला' मिळते. उचलून धरतात तो तराजू. त्यावरून 'तोलयति', मराठीत 'तोलणे', 'तोल', आणि राशीतली तूळ. ग्रीकमध्ये 'तालान्तोन', म्हणजे आधी तराजू, मग एक वजन, मग तेवढी रक्कम. त्यावरून इंग्रजीमार्गे आपल्या वाहिन्यांवरचं 'टॅलेंट'.

म्हणजे इल्लातीवितला 'लात्' आणि आपला 'तोल' एकाच धातूचे. आणि खोडलेल्या पानावरचं दुःख हलकं करणारी गोष्ट पुढेच आहे: तुलाभार हा शब्द बघा. 'तुला' हा *तेल्ह२- मधला, 'भार' हा *भेर्- मधला. लॅटिनने 'फेर्रे' या एका क्रियापदात जे दोन धातू शिवले, ते दोन्ही या एका समासात शेजारी बसले आहेत. द्वारकेच्या त्या तराजूत रुक्मिणीने तुळशीचं पान ठेवलं तेव्हा एका बाजूला 'लातुस' होतं आणि दुसऱ्या बाजूला 'फेरो', असं म्हणायला हरकत नाही. गंमत म्हणून म्हणा, वहीत मात्र लिहू नका.

सावधान, तिसरा खोटा भाऊ: 'लादणे'. अर्थ जवळचा, आवाज जवळचा, आणि म्हणूनच सगळ्यात घातक. टर्नर ते 'लर्द्' या धातूकडे नेतात. ते नाही पटलं तरी साधी तपासणी करा: 'लातुस'मधला 'त' धातूचा नाहीच, तो '-तो-' प्रत्ययाचा. 'लादणे'मधला 'द' मात्र धातूचाच भाग. एकाचा प्रत्यय दुसऱ्याच्या धातूशी जुळवून नातं सिद्ध होत नाही. लाथेसाठी वापरतात त्या 'लात'बद्दल तर बोलायलाच नको.

सावधान, चौथा: 'तोल'मधला 'ओ' संस्कृतच्या घरात तयार झाला आहे, 'तुल्'मधल्या 'उ'चा गुण, म्हणजे 'ओ', होऊन. लॅटिनमध्ये याच धातूचं 'तोल्लो' (मी उचलतो) असं क्रियापद आहे. 'तोल' आणि 'तोल्लो' नातेवाईक आहेत हे खरं, पण दोघांतला 'ओ' वेगवेगळ्या वाटांनी आला आहे. नातं खरं असूनही पुरावा खोटा असू शकतो, याचं इतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता 'इन्'. *ह१एन् ला '-तेर्' जोडून लॅटिनमध्ये 'इन्तेर', संस्कृतमध्ये 'अंतर्'. 'अंतर्' पासून मराठी 'आंत', आज आपण 'आत' लिहितो ते. 'घरात'मधला 'त' त्याचाच शेष. जुनी छापील पुस्तकं उघडा, तिथे 'घरांत', 'गांवांत' असं अनुस्वारासह दिसेल. न उच्चारले जाणारे असे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी काढले. आता तुकडे नीट बघा: 'अंतर्'मधला 'त' हा '-तेर्' या प्रत्ययाचा, आणि मूळ *ह१एन् चा जो 'न', तो त्या अनुस्वारात होता. म्हणजे इल्लातीविच्या 'इल्'शी ज्याचं खरं नातं, तो आपण 'घरात' लिहिताना गाळतो आणि उरतो तो प्रत्यय!

## पायरी ७: अर्थाचा प्रवास वेगळा लिहा

रूप जुळलं म्हणून अर्थ सरळ रेषेत आला असं समजू नका. 'इल्लातीवुस' हा शब्द लॅटिनमध्ये आधी तर्काच्या क्षेत्रात होता: अनुमानाकडे नेणारा, 'म्हणून' या अर्थाच्या अव्ययांसाठी वापरला जाणारा. विचार आत आणणारा, असं समजा. तोच शब्द पुढे फिनिशसारख्या भाषांच्या व्याकरणकारांनी 'आत नेणारी विभक्ती' या अर्थाने कामाला लावला. लॅटिनला स्वतःला अशी विभक्तीच नव्हती. त्यामुळे 'रोमन लोक इल्लातीवि विभक्ती वापरत' हे वाक्य कुणी लिहिलेलं दिसलं तर पुढचं वाचायचे कष्ट घेऊ नका.

अर्थ आणि रूप यांची फारकत किती होऊ शकते हे 'अक्कुसातीवि' दाखवते. लॅटिन 'आक्कूसारे' म्हणजे आरोप करणे. कर्माच्या विभक्तीत आरोप कुठून आला? ग्रीक संज्ञेचा रोख 'जे घडवलं जातं ते' याकडे होता. तिच्यातल्या शब्दाला 'कारण' आणि 'दोष' असे दोन्ही अर्थ होते, आणि लॅटिनमध्ये आणताना दुसरा उचलला गेला. अशी संज्ञा हातात आली की तुकड्यांवरून अर्थ काढू नका, लॅटिनच्या ओळीच्या बाजूला 'भाषांतराची चूक' असं लिहा.

## पायरी ८: हाच साचा भावंडांना लावा

फिनिशच्या स्थलवाचक संज्ञांत फक्त दोन खांब आहेत. हालचाल असेल तिथे 'लात्', स्थिर असणं असेल तिथे 'एस्से', लॅटिन 'असणे'. दिशा उपसर्ग सांगतो.

'लात्'वाल्या: इल्लातीवि (इन्, आत), एलातीवि (एक्स, आतून बाहेर), अल्लातीवि (अद्, कडे), अब्लातीवि (अब्, कडून). 'एस्से'वाल्या: इनेस्सीवि (आत असणे), अदेस्सीवि (वर किंवा पाशी असणे), अबेस्सीवि (नसणे), आणि उपसर्गाविना नुसती एस्सीवि. 'एस्से'चं मूळ *ह१एस्-. लॅटिन 'एस्त', संस्कृत 'अस्ति', आपलं 'असणे'. इथे पायरी ४ चा सापळा नाही, वाट सरळ आहे. एवढंच की '-ईव्-' प्रत्यय इथे 'काप्तुस'सारख्या विशेषणाला न लागता थेट 'एस्से' या क्रियार्थक रूपाला चिकटवला आहे. घडवलेल्या संज्ञांची ही खूण.

उपसर्ग जोडताना मात्र हात आखडता ठेवा. 'अब्'ला संस्कृत 'अप' चालतो. 'अद्'ला 'अधि' चालत नाही: लॅटिनचा 'द' आणि संस्कृतचा 'ध' इथे एका मुळातून येऊ शकत नाहीत. 'अद्'समोरची संस्कृत ओळ रिकामी ठेवा. रिकामी ओळ म्हणजे अपुरं काम नव्हे. ओढूनताणून भरलेली ओळ म्हणजे बिघडलेलं काम.

शेवटचा धोका देशी नावांचा. नोमिनातीविचं, म्हणजे प्रथमेचं, फिनिश नाव 'निमेन्त्यॉ', 'निमि' म्हणजे नाव या शब्दावरून. लॅटिन 'नोमेन', संस्कृत 'नामन्', फिनिश 'निमि'. इथे कुणाचाही संयम सुटतो. फिनिश 'निमि' हा उरल शब्द मानतात, आणि भारोपीयशी त्याचं साम्य उसनवारीचं, दूरच्या नात्याचं की योगायोगाचं, यावर अभ्यासकांत एकमत नाही. 'साता' म्हणजे शंभर हा शब्द मात्र फिनिशने फार जुन्या काळी इंडो-इराणी भाषेकडून घेतला, आपल्या 'शत'चा तो खरा नातलग. पण तो बाजारात, बोलीतून आला. 'इल्लातीवि' पंडिताच्या दौतीतून. दोघांना एका पानावर आणू नका.

सरावाला 'त्रान्स्लातीवि' घ्या, 'अमुक होणे' दाखवणारी विभक्ती. 'लात्' तुमच्या वहीत तयार आहेच. 'त्रान्स्' शोधताना संस्कृतमध्ये 'तिरस्' आणि 'तरति' यांच्या आसपास बघा, आणि तिथून मराठीत उतरताना नदीच्या काठावर थांबा.